आजी-आजोबांसोबत रोमँटिक सिनेमा लावण्याआधी

पोस्टरवर हसरं जोडपं आणि पिवळे फुगे दिसले म्हणून सिनेमा घरगुती ठरत नाही. आधी प्रमाणपत्र बघा. 2024 च्या नव्या नियमांनंतर सेन्सॉरचा जुना ‘यूए’, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा सिनेमा, वयानुसार 7+, 13+ आणि 16+ असा तीन पायऱ्यांत विभागला गेलाय. ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी, तिथे थिएटरवालाच मुलांना अडवतो. ‘यूए’चं वय मात्र पालकांना दिलेली सूचना आहे, निर्णय तुमचाच.

ओटीटीवर गंमत वेगळी. तिथलं रेटिंग प्लॅटफॉर्म स्वतःच ठरवतो. नावाखाली वयासोबत ‘भाषा’, ‘लैंगिक आशय’ असे शब्द बारीक अक्षरांत असतात, खरी माहिती तिथेच. नुसतं ‘भाषा’ असेल तर शिव्या. आमच्या आजीला त्याचं काही वाटत नाही, तीच जास्त देते!

ट्रेलरवर फार विसंबू नका, तो सगळ्यांना चालेल असाच कापलेला असतो. त्यापेक्षा आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवरचा पालकांसाठीचा विभाग वाचा. नग्नता, शिव्या, दारू यांची तिथे वेगवेगळी नोंद असते. फक्त ती प्रेक्षकांनी लिहिलेली असल्याने शेवटही फुटू शकतो.

आणि चुंबनापेक्षा विषय तपासा. घटस्फोट, गर्भपात, फसवणूक हे हलक्याफुलक्या सिनेमातही मध्यंतरानंतर अचानक येतं, आणि दहा वर्षांचं पोर नेमकं तेव्हाच प्रश्न विचारतं. शंका असेल तर आदल्या रात्री मधली वीस मिनिटं एकट्याने बघून घ्या.