स्नोमोबाइल तापतेय? पाना उचलण्याआधी बर्फ पाहा

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर धावणारी गाडी. तिचा तापमानाचा दिवा लागला की पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेवर जातो. पण लिक्विड-कूल्ड (कूलंट या द्रवाने थंड होणाऱ्या) स्नोमोबाइलला मोटारीसारखा पुढे रेडिएटर बहुधा नसतो. ट्रॅकच्या (गाडी ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याच्या) वरच्या टनेलमध्ये, म्हणजे पोकळीत, कूलंटची उष्णता बाहेर सोडणारे हीट एक्स्चेंजर असतात आणि ट्रॅकने उडवलेला भुसभुशीत बर्फ त्यांच्यावर आदळून वितळतो, तेव्हाच कूलंट थंड होतं. घट्ट दाबलेल्या वाटेवर किंवा गोठलेल्या तळ्यावर बर्फ उडतच नाही, मग धडधाकट इंजिनही तापतं.

म्हणून आधी वाट सोडून मऊ बर्फात काही मिनिटं चालवा. तापमानाचा काटा उतरला तर बिघाड नाही, बर्फ कमी पडतोय. आइस स्क्रॅचर खाली सोडा. ते कठीण पृष्ठभाग खरवडून चुरा वर उडवतात. (ताठ स्क्रॅचर असतील तर रिव्हर्स घेण्याआधी उचला, नाहीतर मोडतात.) हाच बर्फ स्लायडरच्या, म्हणजे ट्रॅक ज्यावरून घसरतो त्या पट्ट्यांच्या प्लास्टिकलाही वंगणासारखा लागतो, त्यामुळे तो कमी पडला की इंजिनसोबत त्याही जळतात.

मऊ बर्फातही काटा चढत असेल तर इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्या. इंजिन तापलेलं असताना कूलंटचं झाकण उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उसळतं. गार झाल्यावर पातळी बघा. भरायचं तर इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी घातलंत तर ते गोठून एक्स्चेंजर फुटू शकतो.

नुकतंच कूलंट बदललं असेल तर हवा अडकल्याची शक्यता सर्वात जास्त. गाडीचा पुढचा भाग उंच करा, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडणारा स्क्रू) सैल करा आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत कूलंट भरत राहा. कुठला स्क्रू आणि कोणती बाजू उंच, हे मॉडेलनुसार बदलतं, मॅन्युअल बघा.

आता होज, म्हणजे कूलंटच्या रबरी नळ्या, हाताने चाचपा. इंजिन तापलंय पण एक्स्चेंजरकडे जाणारी होज गार असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा पंप कूलंट ढकलत नाही. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टांगा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा. उघडला, तर पंपाचा इंपेलर (कूलंट ढकलणारं पात्यांचं चाक) आणि पट्टा असल्यास पट्टा तपासा. इंजिन चालू असताना कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (सिलेंडर आणि त्याच्या डोक्यामधली गळती रोखणारी पट्टी) गेलं समजा.

टू-स्ट्रोक इंजिनात आणखी एक सापळा आहे: काटा ठीक, तरी पिस्टन जाम. स्पार्क प्लगचं टोक पांढरंफटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) साफ करा आणि कार्ब्युरेटरच्या रबर बूटला चीर आहे का, ते पाहा. चीर असेल तर बूट बदलेपर्यंत गाडी पळवू नका.

फॅन-कूल्ड (पंख्याच्या हवेने थंड होणाऱ्या) इंजिनात कूलंट नसतंच. तिथे फॅनचा पट्टा आणि सिलेंडरच्या फिन्समधली (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्यांमधली) घाण, एवढंच बघायचं.