आपल्या सोसायटीचं पाणी कुठे अडू शकतं आणि कुठे बिघडू शकतं, हे कसं तपासायचं

पुण्यात गुरुवारी पाणी बंद अशी महापालिकेची नोटीस ग्रुपवर आली की सगळे बादल्या भरायला धावतात, पण आपली टाकी किती तास पुरते असं विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही, म्हणून पहिलं काम हेच करा. माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी हिशोब धरा. ४८ फ्लॅट, घरात सरासरी चार माणसं, म्हणजे रोज साधारण २६ हजार लिटर. खालची टाकी ४० हजाराची असेल तर दीड दिवस निघतो, तोही टाकी काठोकाठ भरलेली असेल तर. आता नोटिशीतलं पुढचं वाक्य वाचा, शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल. तिथेच हिशोब कोसळतो.

मग पाण्याचा रस्ता उलटा शोधत जा. नळ, गच्चीवरची टाकी, पंप, खालची टाकी, रस्त्यातली लाईन, महापालिकेची पाण्याची टाकी, जलशुद्धीकरण केंद्र, धरण. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, हे बंद पडलं तर दुसरा रस्ता आहे का? पुण्याचं बहुतेक पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासल्याचं. चारही मिळून सुमारे २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पण वरच्या तिघांचं पाणी खडकवासल्यातूनच शहराकडे येतं आणि तिथे मावतं जेमतेम २ टीएमसी. म्हणजे चार धरणं असली तरी दार एकच! १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा खडकवासलाही गेलं, हे जुन्या पुणेकरांना सांगायला नको. पूर्व भागात २०२१ पासून भामा आसखेडचं पाणी येतं, तुमच्याकडे कुठलं येतं ते चावीवाल्याला, म्हणजे लाईनचे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या महापालिकेच्या माणसाला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

धरण आपल्या हातात नाही, सोसायटी आहे, त्यामुळे खरा वेळ इथे द्या. लाईन बंद झाली की पाईप रिकामा होतो, आत ओढ तयार होते आणि जिथे तडा असेल तिथून बाहेरची घाण आत खेचली जाते. म्हणून बंदनंतर येणारं पहिलं पाणी सगळ्यात धोक्याचं. दहा-पंधरा मिनिटं ते टाकीत न घेता झाडांना सोडा.

त्याच वेळी क्लोरीन तपासा. ओटीची (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासायचं रसायन) छोटी बाटली मिळते, टेस्ट ट्यूबमध्ये पाणी घेऊन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळं होतं, सोबतच्या रंगपट्टीशी जुळवा. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवंच. (तपासलेलं पाणी फेकून द्या, ओटी विषारी असतं, हाताला लागू देऊ नका.) तीन जागी बघा, महापालिकेची लाईन आत येते तिथे, खालच्या टाकीत आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या किचनमध्ये. लाईनलाच नसेल तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार. लाईनला पिवळं आलं आणि किचनला रंगच आला नाही तर दोष आपल्याच टाकीत किंवा पाईपमध्ये आहे.

आमच्याकडे तेच निघालं. खालच्या टाकीचं झाकण एका कोपऱ्यात चिरलेलं आणि दोन पावलांवर ड्रेनेजचं चेंबर, पावसात ते तुंबलं की पाणी थेट झाकणापर्यंत यायचं, इतकी वर्षं कोणी वाकून बघितलंच नव्हतं. मला तर त्या रात्री झोप लागली नाही, बिल्डिंगमधली लहान मुलं तेच पाणी पीत होती ना. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हापासून टँकर आला तरी मी आधी ओटी टाकतो आणि मगच पाईप टाकीत सोडू देतो.

शेवटी वीज. पंप एकच आहे का, जनरेटरवर लिफ्टसोबत पंपही जोडलाय का, हे इलेक्ट्रिशियनला समोर उभं करून मेन बंद करून बघा. बोअरचं पाणी वापरायला वेगळ्या लाईनने घ्या, पिण्याच्या टाकीला जोडू नका. हे सगळं एका कागदावर लिहून पंपरूमच्या दाराला आतून चिकटवा, वॉचमन आणि चावीवाल्याच्या नंबरसकट.