डावखुऱ्या मुलीला हँडबॉलमध्ये कसे घडवावे : आन्ना व्याखिरेवाची कारकीर्द समोर ठेवून

सातारा जिल्ह्यातील शाळांत हँडबॉल शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षकांना पहिली विनंती अशी की, संघ निवडताना मुलींना उंचीच्या क्रमाने उभे करण्याआधी त्यांच्यात डावखुरी कोण आहे, हे शोधावे. ते नुसते विचारून कळत नाही, कारण लहानपणी जेवताना किंवा लिहिताना हात बदलायला लावलेली मुलगी आपण उजवीच आहोत असे सांगते. टेनिसचा चेंडू देऊन तो भिंतीवर जोरात मारायला सांगावा. फेकण्याचा खरा हात कोणता, ते तिथे दिसते.

अशी मुलगी कुठवर जाऊ शकते, हे रशियाची हँडबॉलपटू आन्ना व्याखिरेवा हिच्या कारकिर्दीवरून समजते. १९९५ मध्ये व्होल्गोग्राद येथे जन्मलेली ही खेळाडू डावखुरी असून ‘राइट बॅक’ या, म्हणजे आक्रमणात उजव्या बाजूने लांबून फेक करणाऱ्या खेळाडूच्या जागेवर खेळते. तिची उंची जेमतेम १६८ सेंटिमीटर आहे, आणि या जागेवर सहसा धिप्पाड खेळाडू उभ्या केल्या जातात, हे लक्षात ठेवावे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रशियाने अंतिम सामन्यात फ्रान्सला २२–१९ असे हरवून सुवर्णपदक जिंकले आणि त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिची निवड झाली. त्याच ऑलिम्पिकमध्ये माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली होती, म्हणून आपल्या मुलींना ते वर्ष सांगताना हा संदर्भ जरूर द्यावा. लांबची गोष्ट त्यांना जवळची वाटते. पुढे टोकियोत रशियन संघाला फ्रान्सकडून ३०–२५ अशी हार पत्करून रौप्यपदकावर समाधान मानावे लागले, तरी सर्वोत्तम खेळाडूचा मान पुन्हा व्याखिरेवालाच मिळाला.

डावखुऱ्या मुलीला उजव्या बाजूला खेळवण्याचे कारण भूमितीचे आहे. गोलाकडे तोंड करून उजव्या बाजूला उभे राहिल्यास डावा हात मैदानाच्या मध्याकडे येतो आणि चेंडू सुटताना गोल अधिक रुंद मिळतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा हात मात्र त्याच जागी बाजूच्या रेषेकडे जातो आणि कोन आखडतो. हे मुलींना तोंडी सांगण्यापेक्षा मैदानावर दाखवावे. त्यासाठी फक्कीने ‘डी’, म्हणजे गोलासमोरचे गोलरक्षकाचे क्षेत्र, नीट आखणे आवश्यक आहे: दोन्ही खांबांच्या मागील आतल्या कोपऱ्यांवर दोरी धरून ६ मीटर त्रिज्येचे पाव-वर्तुळ काढावे आणि ती दोन्ही टोके गोलासमोर ३ मीटरच्या सरळ रेषेने जोडावीत. अनेक ठिकाणी एकच अर्धवर्तुळ काढून काम भागवले जाते. त्यामुळे ‘डी’चा आकारच चुकतो आणि अंतराचा अंदाज बिघडलेली मुलगी स्पर्धेत रेषेवर पाय देते.

ताकदीच्या फेकीआधी हुलकावणी शिकवावी, हा या लेखाचा मुख्य आग्रह आहे. खो-खो खेळलेल्या मुलीच्या अंगात ती आधीच असते. फक्त हातात चेंडू असताना ती करायची सवय लावावी लागते. मुलीने चेंडू हवेत झेलून दोन्ही पायांवर उतरावे. त्यानंतर तिला तीन पावले मिळतात. पहिले पाऊल उजव्या पायाने बाहेरच्या बाजूला, खांद्यासह आणि खरोखर तिकडेच जायचे आहे अशा थाटात टाकावे; दुसरे डाव्या पायाने झटक्यात आत; तिसऱ्या पावलाला उजव्या पायावर उडी घेऊन डाव्या हाताने फेक करावी. हे सारे बचाव करणाऱ्या मुलीपासून हातभर अंतर राखून व्हावे, नाहीतर धडक बसते आणि पंच चेंडू विरुद्ध संघाला देतात. सुरुवातीचे काही आठवडे फेक न करता फक्त पावले घोटून घ्यावीत. मुली कंटाळतात, पण इथे घाई करू नये.

व्याखिरेवाचे सामने मोबाइलवर दाखवताना गोल मोजू देऊ नयेत. तिने हुलकावणी दिल्यावर शेजारची बचावपटू मदतीला सरकते का आणि मग पिव्हट (‘डी’च्या रेषेलगत बचावपटूंच्या मध्ये उभी राहणारी खेळाडू) किंवा कोपऱ्यातली खेळाडू मोकळी सुटते का, एवढेच मुलींना पाहायला सांगावे. पराभवाचा एखादा सामनाही निवडावा: २०१९ च्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात तिचा रोस्तोव्ह-डॉन संघ हंगेरीच्या ग्यॉर संघाकडून २४–२५ असा एका गोलाने हरला.

चेंडूच्या आकाराबाबत हयगय करू नये. लहान मुलींना ५० ते ५२ सेंटिमीटर घेराचा चेंडू द्यावा. १४ वर्षांनंतरच ५४ ते ५६ सेंटिमीटरचा. मोठा चेंडू पंज्यात मावला नाही की मनगट वळत नाही, आणि हुलकावणीनंतरची फेक कोपरातून होऊ लागते.

शेवटची बाब दहावीच्या वर्षाची. त्या वर्षी पालक मुलीचे खेळणे थांबवतात आणि आपण तिचे नाव यादीतून काढून टाकतो. व्याखिरेवाने टोकियोनंतर कारकीर्द ऐन भरात असताना विश्रांती घेतली, २०२२ मध्ये नॉर्वेच्या व्हायपर्स क्रिस्टियानसान संघातून ती परतली आणि २०२३ मध्ये त्या संघासह तिने चॅम्पियन्स लीग जिंकली. म्हणून पालकांशी वाद न घालता त्या वर्षभरासाठी मुलीकडे एक चेंडू घरी द्यावा, रविवारी भिंतीवर डाव्या हाताने फेकी करायला सांगावे आणि परीक्षा संपताच, १७ वर्षांखालील संघाचा सराव सुरू होण्यापूर्वी, आपण होऊन तिच्या घरी जाऊन यावे.