प्राण्यांसाठी कंपन्यांशी झुंजताना या चुका टाळा

‘प्राणीकल्याण हा आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा विषय आहे. आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे.’

चार-चार महिने सह्या गोळा करायच्या, रात्री जागून निवेदन लिहायचं आणि हाती ही दोन वाक्यं पडायची. प्राणीहक्कांच्या मोहिमेत राबलेल्या प्रत्येकाकडे असं एखादं पत्र असतंच. ते आलं की आपण म्हणतो, कंपनी निर्ढावलेली आहे. असेलही. पण मी आता आधी आपलंच निवेदन काढून पुन्हा वाचते. घोळ बऱ्याचदा तिथेच असतो.

सही कशावर करायची?

‘प्राण्यांवरचे अत्याचार थांबवा’ या मागणीवर कोणता अधिकारी सही करणार? त्याला सही करायचीच असली तरी करता येत नाही, कारण नेमकं काय बदलायचं ते त्यात नाही. कोणता प्राणी, कोणती पद्धत बंद, कुठल्या शाखांमध्ये, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं एका वाक्यात मावलं नाही तर मागणी अजून तयार झालेली नाही, असं खुशाल समजावं.

आणि शब्दांची व्याख्या आपण केली नाही, तर समोरचा त्याच्या सोयीने करतो. युरोपीय संघाने २०१२ पासून अंड्यांवरच्या कोंबड्यांचे जुने बॅटरी पिंजरे, म्हणजे ओळीने रचलेले तारेचे अरुंद पिंजरे, बंद केले. जल्लोष झाला, आणि तो रास्तही होता. पण त्याच नियमाने ‘सुधारित’ पिंजऱ्यांना वाव ठेवला होता : दर कोंबडीमागे ७५० चौरस सेंटीमीटर जागा, म्हणजे ए-४ कागदापेक्षा जराशीच मोठी. तुमच्या निवेदनात ‘बॅटरी पिंजरे नकोत’ एवढंच असेल, तर कंपनी हे सुधारित पिंजरे पुढे करून मोकळी होते. तिने शब्द मोडलेला नसतो. ‘कोणताही पिंजरा नको’ हे आपणच लिहायचं राहिलेलं असतं.

डुकरांच्या बाबतीत हेच घडलं. गाभण डुकरिणींना ज्यात वळताही येत नाही अशा अरुंद पिंजऱ्यांचा वापर अमेरिकेतल्या आपल्या पुरवठ्यातून २०२२ पर्यंत संपवू, असं मॅकडोनाल्ड्सने २०१२ मध्ये जाहीर केलं. मुदत आली तेव्हा कंपनीचं म्हणणं असं, की डुकरीण गाभण असल्याची खात्री पटली की तिला कळपात सोडलं जातं. खात्री पटेपर्यंतचे आठवडे मात्र पिंजऱ्यातच. गुंतवणूकदार कार्ल आयकान यांनी त्यावरून २०२२ मध्ये संचालक मंडळाच्या निवडणुकीत आपले दोन उमेदवार उभे केले आणि ते सपशेल हरले. ‘गाभण’ म्हणजे कोणत्या दिवसापासून, हे दहा वर्षांपूर्वी कागदावर आलं असतं तर वादाचं स्वरूपच वेगळं असतं.

पहिल्याच दिवशी ढोल

उत्साही गटाची ही लाडकी चूक. सोमवारी पत्र, बुधवारी दारासमोर घोषणा. मग कंपनीतली जी एक-दोन माणसं मनातून आपल्या बाजूची असतात, त्यांचंही तोंड बंद होतं. आपल्या वरिष्ठांना ती काय सांगणार?

हेन्री स्पायरा यांचं काम इथे बारकाईने बघण्यासारखं आहे. जहाजावर खलाशी, कामगार संघटनेचा कार्यकर्ता, मग शाळामास्तर असा हा न्यूयॉर्कचा माणूस. तिथल्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात मांजरांवर चाललेल्या प्रयोगांविरुद्ध त्यांनी १९७६ मध्ये मोहीम उभारली, आणि १९७७ मध्ये ते प्रयोग थांबले. त्यानंतर त्यांनी सौंदर्यप्रसाधनांकडे मोर्चा वळवला. सशांच्या डोळ्यांत रसायनं घालून घेतल्या जाणाऱ्या चाचणीवर पर्याय शोधा, ही त्यांची रेव्हलॉनकडे मागणी. वर्षाहून अधिक काळ ते कंपनीशी बोलत, भेटत, लिहीत राहिले. हाती काही लागेना, तेव्हा १५ एप्रिल १९८० रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात आली : सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती सशांना आंधळं करते? त्याच वर्षाअखेर कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला तीन वर्षांत साडेसात लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. मागोमाग एव्हॉनसारख्या स्पर्धकांनीही हात सैल केला आणि १९८१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचं केंद्र उभं राहिलं.

जाहिरात सगळ्यांना आठवते, त्याआधीचं वर्ष कुणाला आठवत नाही. मला तेच महत्त्वाचं वाटतं. ‘आम्ही आधी बोलून पाहिलं’ हे स्पायरा पुराव्यानिशी म्हणू शकत होते. शिवाय त्यांनी ‘उद्यापासून सगळं बंद’ असं म्हटलं नव्हतं. कंपनीला ताठ मानेने ‘हो’ म्हणता येईल अशी वाट त्यांनी उघडी ठेवली होती. काही कार्यकर्त्यांना ही तडजोड वाटते. मला ती व्यवहारी हुशारी वाटते.

याचा अर्थ वर्षानुवर्षं चहा पीत बसा असा नाही. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही जाहीर बोलू’ हे आधी सांगायचं, आणि त्या तारखेला खरंच बोलायचं. पोकळ धमकी एकदा दिली की पुढची कुणी वाचत नाही.

चुकीच्या दारावर टकटक

कंपनीच्या सोशल मीडियावर उत्तरं देणाऱ्या मुलीला कोंबड्यांबद्दल काहीही ठरवता येत नाही. काउंटरवरच्या पोऱ्याला तर नाहीच. त्यांच्यावर ओरडू नका, कर्मचाऱ्यांच्या घरापर्यंत जाणं तर मुळीच नको. निर्णय खरेदी विभागात होतो, तिथलं माणूस शोधा.

संस्थांचं गणित आणखी निराळं. विद्यापीठ किंवा रुग्णालय स्वतः फारसं काही विकत घेत नाही, खानावळीचं कंत्राट देतं. कंत्राट नुकतंच झालं असेल तर कुलगुरू कितीही हळवे असोत, हात बांधलेले असतात. म्हणून पहिला प्रश्न : कंत्राट संपतंय कधी? त्याच्या सहा-आठ महिने आधी निविदेच्या अटींचा मसुदा आपल्याकडे तयार हवा. आमच्या गटाने हे उलटं केलं होतं. नूतनीकरण झाल्यावर तीन आठवड्यांनी आम्ही फलक घेऊन उभे होतो.

एक खोटा फोटो

हे सांगताना अजून कानकोंडं होतं. एका कंपनीबरोबरच्या बैठकीत आम्ही पिंजऱ्यातल्या जखमी कोंबडीचा फोटो दाखवला. खरेदी अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, ‘हा आमच्या पुरवठादाराकडचा आहे?’ नव्हता. कुठून तरी फिरत आला होता, कधीचा तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर आमचं खरंही खोटं ठरलं. फोटो कुणी, कुठे, कधी काढला हे सांगता येत नसेल तर तो पिशवीतच राहू दे. अब्रूनुकसानीची नोटीस आली तर ती वेगळीच.

‘महाग पडतं, माल मिळत नाही’

यावर नैतिकतेचं प्रवचन सुरू करू नये. कधीकधी ते खरं बोलत असतात. पिंजरामुक्त अंडी एका रात्रीत दुप्पट होत नाहीत, पुरवठादाराला नव्या शेड बांधाव्या लागतात, आणि गिऱ्हाईक पक्कं असल्याशिवाय तो त्यात पैसा घालत नाही. तेव्हा टप्पे मागा : पहिल्या वर्षी इतका हिस्सा, दुसऱ्या वर्षी तितका. आणि एकाच कंपनीकडे दोन गट दोन वेगळ्या मागण्या घेऊन गेले तर ती सौम्य मागणी उचलते, हे गृहीत धरून आधी आपसात बसून घ्या.

घोषणा झाली, आपण घरी

मॅकडोनाल्ड्सचंच दुसरं उदाहरण. अमेरिका आणि कॅनडात दहा वर्षांत फक्त पिंजरामुक्त अंडी घेऊ, असं त्यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये सांगितलं, आणि अमेरिकेत ते २०२३ अखेर, मुदतीच्या दोन वर्षं आधी पूर्ण केलं. कंपनी तीच. डुकरांच्या वेळी मुदत आली तेव्हा शब्दाचा अर्थच वादात होता, इथे दर वर्षी टक्का मोजता येत होता.

म्हणून घोषणेच्या दिवशीच विचारून ठेवा : दरवर्षीचा टक्का कुठे छापणार? आकडा नुसता ‘प्रगतिपथावर’ असा आला तर लगेच पत्र टाका, मुदतीची वाट पाहू नका. आश्वासन देणारा अधिकारी तोवर दुसरीकडे गेलेला असतो आणि नव्याला काही माहीत नसतं. अशा वेळी त्याला जुन्या सहीचा कागद पाठवा, निवेदन पहिल्यापासून लिहू नका.