गुडघ्याची वाटी काढल्यावर घरी पेशंटला कसं सांभाळायचं

आई आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आली. गेल्या उन्हाळ्यात, नळाला पाणी आलं त्या दिवशी, ओल्या शहाबादी फरशीवरून घसरली ती थेट गुडघ्यावर. वाटीचा चुरा झाला. तारेनं बांधावेत असे तुकडेच उरले नव्हते, म्हणून डॉक्टरांनी ते काढले आणि मांडीकडून येणारी कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, खालच्या कंडरेला शिवली. मोठा तुकडा शाबूत असला तर तो ठेवतात. आमच्याकडे तसं झालं नाही.

वाटी म्हणजे विहिरीवरची कप्पी. कप्पी गेली, आता नुसता दोर उरला. पाय सरळ करायला मांडीला जास्त जोर लागतो, आणि तो जोर कमवावा लागतो.

त्याआधी शिवण जुळू द्यायची. आम्हाला सहा आठवडे पाय सरळ ठेवणारा लांब पट्टा सांगितला होता. तुमचे डॉक्टर सांगतील ते धरा. गुडघ्याखाली उशी देऊ नका. पेशंट मागतोच, आईनं तर रडून मागितली, पण गुडघा वाकडाच आखडतो. त्याऐवजी सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. पट्ट्याच्या आत सुती कापड हवंच, आपल्याकडच्या एप्रिलमध्ये घामानं कातडी सोलते.

डॉक्टर हो म्हणाले की मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. आईला दोन दिवस काही जमेना. मी तिच्या मांडीवर तळहात ठेवून बसायचे. तिसऱ्या दिवशी हाताखाली मांस जरासं ताठ झालं, तेव्हा दोघींनाही बोलता येईना. पुढे पाय उचलताना गुडघा वर येतो आणि टाच मागे लोंबते का, ते बघा. लोंबत असेल तर फिजिओथेरपिस्टला सांगा, व्यायाम त्यावरच वाढवतात. गुडघा वाकवायला घरच्या घरी जोर लावू नका.

संडासाला कमोडची खुर्ची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, किंवा कट् आवाज होऊन पाय उचलेनासा झाला, तर सकाळची वाट बघू नका.

मांडी घालून बसणं आईला आता झेपत नाही. सुताराकडून कोपराच्या उंचीचं टेबल करून घेतलं. सूप त्यावर असतं, पानं डाव्या हाताला.