दुकान लहान असलं तरी तक्रार करता येते
इंदूरात राजवाड्याच्या आसपास कापडाच्या दुकानांत आपल्या कितीतरी मुली कामाला जातात. तिथे कुणी लैंगिक त्रास दिला, तर ‘आमच्याकडे समितीच नाही’ म्हणून गप्प बसू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाने अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नेमायलाच हवी. माणसं कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुदत मात्र सांभाळा: शेवटच्या घटनेपासून ३ महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३. म्हणून तारीख, वेळ, कोण हजर होतं, हे त्याच रात्री वहीत लिहा. मेसेज पुसू नका. बहुतेकजणी थांबतात त्या बदनामीच्या भीतीने. पण कलम १६ प्रमाणे तक्रारदार बाईचं नाव-पत्ता जाहीर करायला मनाई आहे.