परदेशी पदवीवर प्राध्यापकी: कागद आधी, अर्ज नंतर

परदेशातून एमएस्सी किंवा पीएचडी करून लातूर, नांदेड, बीडकडच्या महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल, तर जाहिरातीची वाट पाहत बसू नका. पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेला धरतात. त्या दिवशी समकक्षता प्रमाणपत्र (परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा दाखला) हातात नसेल, तर अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो.

हे प्रमाणपत्र ४ एप्रिल २०२५ च्या नियमावलीनुसार विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) देतो, अर्ज ऑनलाइन. फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे विद्यापीठाच्या नावावर दुसऱ्याच संस्थेनं शिकवून दिलेल्या पदवीला ते मिळत नाही. वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, विधी, वास्तुशास्त्र या पदव्यांसाठी त्या-त्या परिषदेकडे जा.

सर्वाधिक अडतं ते नावावर. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव. परदेशी पदवीवर नुसतं नाव-आडनाव. लग्नानंतर आणखी बदल. नावबदलाच्या राजपत्राची प्रत आणि प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. पदव्युत्तरला किमान ५५ टक्के लागतात. म्हणून जीपीएचे (सरासरी श्रेणीगुणांचे) टक्के कसे काढायचे, हे तिथल्या विद्यापीठाकडून लेखी घ्या. स्वतः केलेला हिशेब कार्यालय मानत नाही.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन किंवा शांघाय क्रमवारीत कधीही पहिल्या ५०० मध्ये असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी नेट-सेट या पात्रता परीक्षांऐवजी चालते. त्या वर्षाच्या एकूण क्रमवारीचं पान छापून जोडा; विषयवार क्रमवारीच्या भरवशावर राहू नका. जाहिरातीतली अट मात्र शब्दन् शब्द वाचा.

आता पगार. पदवी कुठल्याही देशाची असो, मूळ वेतन लेव्हल १० या वेतनस्तराचं, म्हणजे ५७,७०० रुपयांपासून. निवडीला विद्यापीठाची मान्यता (संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची, नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची) आणि मग उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चिती, असा क्रम.

खरा फरक पडतो तो मागच्या सेवेनं, आणि इथंच लोक हक्काचं गमावून बसतात. परदेशातली नियमित अध्यापन सेवाही कॅसमध्ये (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची योजना) धरता येते. पद समकक्ष, नेमणूक रीतसर निवडीतून आणि तेव्हाची पात्रता पूर्ण हवी. पाहुणे व्याख्याते म्हणून घेतलेले तास मोजत नाहीत. पीएचडीधारकाला लेव्हल ११ साठी चार वर्षं लागतात. तिथली तीन धरली गेली, तर इथं एकच उरतं. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, कार्यमुक्तीचं पत्र परत येण्याआधीच सही-शिक्क्यानिशी घ्या. इथून ईमेल करून ते मागवण्यात महिने जातात. रुजू होतानाच सेवा धरण्याचा अर्ज प्राचार्यांकडे द्या आणि पोच घ्या.